समर इंटर्नशिप: लोअर परळला दोन तारे, भांडुपला साडेचार

मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या कोर्सला, दुसऱ्या सेमिस्टरनंतर दोन महिन्यांची समर इंटर्नशिप करावीच लागते. माझी 2025 च्या उन्हाळ्यात झाली. साबण, शाम्पू, मसाले असं घरात लागणारं बरंच काही विकणारी मोठी कंपनी. नाव लिहीत नाही. माझे थोडे पैसे अजून त्यांच्याकडे आहेत.

ऑफिस लोअर परळला. मी डोंबिवलीची, त्यामुळे स्लो लोकलने करी रोड आणि तिथून डिलाईल रोडच्या पुलावरून चालत. पहिले चार दिवस तिथेच गेले. एसी इतका की दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या मुली स्वेटर घेऊन आलो, ऐन एप्रिलमध्ये. कॅन्टीन चांगलं, फक्त गुरुवारच्या मिसळीत मटकी शोधावी लागते. इंडक्शनला कंपनीची मूल्यं सांगितली. ती पाच होती की सहा, आता आठवत नाही.

प्रोजेक्ट असा: भांडुप पश्चिमेला कंपनीच्या दहा रुपयांच्या नव्या पाकिटाचा खप का वाढत नाही, ते शोधा. गाइड सरांनी लॅपटॉपवर नकाशा दाखवला. एलबीएस रोडच्या, म्हणजे खालच्या मुख्य रस्त्याच्या कडेने हिरवे ठिपके, टेंभीपाडा, हनुमान टेकडीच्या बाजूला लाल. लाल म्हणजे तीन महिन्यांत एकही ऑर्डर न दिलेली दुकानं. "रिटेलरला इंटरेस्ट नाहीये," सर म्हणाले. "का नाहीये, तेवढं काढ."

पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला भांडुप स्टेशनबाहेर सेल्समन दादा भेटले. राहायला तिथेच कोकण नगरात, हीच बीट, म्हणजे दुकानांची ठरलेली फेरी, एकोणीस वर्षं. शर्टावर कंपनीचा लोगो, पण पगार डिस्ट्रिब्युटर देतो. ही पद्धत सर्रास आहे, हे मला दोन सेमिस्टरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला मॅडम. मी मॅडम नको म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या, दुकानदार जरा नीट बोलतात."

त्यांची पहिली शिकवणी: दुकानात शिरल्यावर तोंड उघडायचं नाही, आधी वर टांगलेल्या पुड्यांच्या माळा बघायच्या. कुठल्या माळेच्या किती पुड्या फाडल्यात त्यावरून काय चालतंय ते कळतं. शेठ काय सांगतो ते मागाहून ऐकायचं. दुसरी: एक्स्पायरीचा माल परत घेतलाय का, हे विचारल्याशिवाय नव्या मालाचं नाव काढायचं नाही. ऑर्डर फोनवर पंच होते, पण बोलणं सगळं मागच्या महिन्याच्या फुटलेल्या बाटल्यांवरच चालतं.

मी एकूण 112 दुकानं केली. लाल ठिपक्यांचं गुपित दहाव्या-बाराव्या दुकानातच फुटलं. हनुमान टेकडीच्या चढावर एक खणभर दुकान, नकाशावर लाल. आत आमच्याच कंपनीच्या नऊ माळा टांगलेल्या! दुकानवाल्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, तुमचा टेंपो खालीच थांबतो. वरची ऑर्डर दिली तर माल कधी येईल सांगता येत नाही. मी आपली खालच्या होलसेलवाल्याकडून पिशवी भरून आणते." होलसेलवाला जास्त माल उचलतो म्हणून त्याला स्कीम, म्हणजे जादा सूट मिळते, त्यातली थोडी तो काकूंना सोडतो. म्हणजे माल टेकडीवर विकला जातोय आणि विक्री लागतेय एलबीएस रोडच्या नावावर. काकूंना इंटरेस्ट भरपूर होता, टेंपोला नव्हता. पुढे अशी एकतीस दुकानं मोजली.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर अख्ख्या भांडुपचा आकडा घसरला. लोअर परळहून फोनावर फोन. स्पर्धक कंपनीने स्कीम काढलीये का बघ, दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवाल्यांनी गिऱ्हाईक पळवलंय का बघ. मी दादांना विचारलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, मे महिना आहे. लोक गावाला गेलेत."

खरंच होतं. कोकण नगरात चाळीच्या चाळी कुलूपबंद. शाळांना सुट्टी, आंबे-फणस, लग्नं, सत्यनारायण. ज्या घरात आठवड्याला चार पुड्या लागायच्या तिथे सध्या फक्त कोपऱ्यात कोळी. एका दुकानाचे शेठसुद्धा राजस्थानला गेले होते, गल्ल्यावर भाचा. माझ्या स्वतःच्या घरी आई-बाबा महिनाभर राजापूरला होते आणि हे मला सुचलं नाही, याची लाज अजून वाटते.

मग 26 मेला पाऊस आला. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून, म्हणजे दोन आठवडे आधीच. आम्ही टेंभीपाड्याच्या चढावर होतो. वरून पाणी पायऱ्यांवरून धबधब्यासारखं येत होतं, टेंपो खाली अडकलेला, सेंट्रल रेल्वे रखडलेली. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. कंपनीने दिलेला पॉलिस्टरचा टीशर्ट मात्र अर्ध्या तासात वाळतो, त्याला पैकीच्या पैकी.

जूनमध्ये शाळा उघडायची वेळ झाली तशी माणसं परतली आणि आकडा आपोआप वर आला. दरम्यान कंपनीने घाईघाईने एक स्कीम लावली होती. श्रेय तिला गेलं.

शेवटच्या प्रेझेंटेशनला बारा मिनिटं होती. तोवर गाइड सरांची बदली झालेली, नव्या मॅडमना माझं नावही माहीत नव्हतं. टेंपोची स्लाइड त्यांना पटली, हे प्रामाणिकपणे सांगते. आठवड्यातून दोनदा छोटी तीनचाकी वर पाठवायची सूचना त्यांनी लिहून घेतली. गावाला गेलेल्या माणसांची स्लाइड आदल्या दिवशीच काढायला लावली. "किस्से नकोत, डेटा हवा." मागच्या तीन वर्षांचे मे महिन्यांचे आकडे काढून दाखवू का म्हटलं, तर त्यासाठी लागणारा ॲक्सेस इंटर्नला नसतो.

नोकरीची ऑफर आली नाही. आमच्या बॅचमधून ज्या मुलाला आली तो दोन महिने लोअर परळलाच बसला होता. हुशार आहे, माझं भांडण नाही.

जाणार असाल तर फील्डचं काम मागून घ्या, आणि सर्टिफिकेटवर सही कोणाची असणार हे पहिल्याच आठवड्यात ईमेलवर लिहून घ्या. मला त्यासाठी जुलैत चार खेपा पडल्या. स्टायपेंड ऑगस्टच्या 19 तारखेला आला. भांडुपच्या शेअर रिक्षांचे 1,140 रुपये अडकलेत, कारण अकाउंट्सला प्रत्येक फेरीचं बिल हवंय.