एक्स्ट्रीम मेटल आणि हार्डकोअरचे पाच अल्बम: सात महिने ऐकल्यानंतर

रॉकच्या या अतिवेगवान, कर्कश प्रकारांत पहिल्या आठवड्यात नुसता वेगच कानात भरतो. सात महिन्यांनीही एखादा अल्बम पुन्हा लावावासा वाटतो, तो मात्र त्या गदारोळात स्नेअरचा (करकरीत आवाजाच्या ड्रमचा) ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो म्हणून. या कसोटीवर स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ (१९८६) अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे. दहा गाणी, जेमतेम २९ मिनिटं. निर्माता रिक रुबिनने गिटार आणि ड्रम्सवरचा रिव्हर्ब (आवाजामागे रेंगाळणारा घुमारा) जवळजवळ काढूनच टाकला. एवढ्या वेगात रिव्हर्ब ठेवला, तर एका ठोक्याचा नाद विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो आणि सगळ्याचा लगदा होतो. ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये बाकी सगळे थांबतात आणि ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचा डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम) तेवढा धडधडत राहतो. ती एवढीशी जागा शंभराव्यांदाही अंगावर येते.

एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) सुरुवातीला बहुतेकांना गढूळ वाटतो. दोष बरेचदा हेडफोनच्या सेटिंगचा असतो. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतला हा करवतीसारखा गिटार म्हणजे बॉस कंपनीचं एचएम-२ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं उपकरण), चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले. त्यात खालचा, म्हणजे बासचा पट्टा आधीच ठासून भरलेला असतो. वर बास बूस्ट चालू केला की किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बुडालाच. बूस्ट बंद करा, इक्वलायझरवर २०० ते २५० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल खाली घ्या. एक किलोहर्ट्झच्या आसपास हात लावू नका, करवतीचे दात तिथेच आहेत.

नेपाम डेथचा ‘स्कम’ (१९८७) ऐकण्याआधी एक काम करा: प्लेअरमधला क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यावर पुढचं चढवण्याची सोय) शून्यावर आणा. २८ गाण्यांच्या या अल्बममधलं ‘यू सफर’ सव्वा सेकंदाच्या आसपासचं आहे. पाच सेकंदांचा क्रॉसफेड असेल तर ते वाजलेलं कळतही नाही. शफलही नको. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना वादक वेगळे, ड्रमर मिक हॅरिस तेवढा सामाईक. पहिल्या बाजूला हार्डकोअर पंकची लय अजून पायाखाली आहे, दुसरीकडे आवाज जड आणि घोगरा झालाय. हा बदल क्रमानेच ऐकायला हवा. मला पहिली बाजू जास्त जवळची.

डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ (१९९४) चार-ट्रॅकवर (आवाजाचे चारच थर घेणाऱ्या रेकॉर्डरवर) रेकॉर्ड केलेला आहे; त्यात बास शोधत इक्वलायझर फिरवणं फुकट. ड्रम्स जवळजवळ एकाच चालीवर चालतात आणि चढउतार गिटारच्या सुरावटीतून येतात. आवाज कमी ठेवूनच ऐका. मोठ्याने लावला की वरची खरखर कानाला टोचते आणि खालची धून हरवते.

रीमास्टर (जुन्या अल्बमची आवाज नव्याने जुळवलेली आवृत्ती) घेताना सावध राहा. बऱ्याच आवृत्त्यांत सगळंच वर ओढून स्नेअरचं टोक कापलेलं असतं. मोठा आवाज पहिल्या ऐकण्यात चांगलाच वाटतो, म्हणून जुनी आणि नवी प्रत सारख्या आवाजावर आणून एकच गाणं पाठोपाठ ऐका. ठोका चपटा वाटला तर जुनीच ठेवा. इअरेक या रेकॉर्ड कंपनीने काही जुने अल्बम ‘फुल डायनॅमिक रेंज’ (लहान-मोठ्या आवाजातला पूर्ण फरक) नावाने काढलेत, ते याच दुखण्यावरचा उपाय आहेत.

कन्व्हर्जचा ‘जेन डो’ (२००१) मात्र सवडीने, सलग ४५ मिनिटं हाताशी असतील तेव्हाच लावा. गायक जेकब बॅननचे शब्द कळतील ही अपेक्षा ठेवू नका. त्याचा आवाज आणखी एक वाद्य समजून ऐका आणि लक्ष बेन कोलरच्या ड्रम्सकडे द्या. गाणी मध्येच मोडतात, तालाचं माप बदलतं, आणि तो प्रत्येक वळणावर नेमका हजर असतो. शेवटचं, अल्बमच्याच नावाचं गाणं ११ मिनिटांहून मोठं आणि संथ आहे. सुटं ऐकलं तर लांबलेलं वाटतं. आधीच्या अकरा गाण्यांनी कान थकवल्यावर तेच गाणं छातीवर बसतं, आणि ते संपल्यावर लगेच दुसरं काही लावावंसं वाटत नाही.