डी-एम्फसिस पुरेल, ३-टॅप हवा, की सगळं रिसीव्हरवर सोडायचं?

बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस (चिप-चिपमधली वेगवान सिरियल लिंक) टाकताय आणि ट्रान्समीटरच्या सेटिंगपाशी गाडी अडलीय, तर आधी एक गोष्ट पक्की करा, इक्वलायझेशनने (ट्रेसमधल्या लॉसची भरपाई) ट्रान्समीटर जास्त व्होल्टेज देत नाही. पीक ठरलेला, समजा ८०० मिलिव्होल्ट. लागोपाठ पाच-सहा १ गेले आणि मग एकटाच ० आला की लॉस असलेल्या ट्रेसवर (बोर्डावरची तांब्याची वाट) तो खालपर्यंत पोचतच नाही, आय (स्कोपवर बिट एकावर एक ठेवल्यावर मधे दिसणारी मोकळी जागा) तिथेच मिटते. म्हणून डी-एम्फसिस पहिला बिट फुल सोडतं आणि पुढचे तसलेच बिट दाबतं, −६ डीबी म्हणजे सरळ अर्धे, ४००. हाय फ्रिक्वेन्सी वाढत नाही हो, लो कापली जाते, बरेच जण हे उलटंच धरून बसतात.

जेन १ ला (पीसीआय एक्सप्रेसची पहिली पिढी) −३.५ डीबी, जेन २ ला −६ चीपण सोय. ट्यूनिंगची कटकट नाही, ५ जीटीपर्यंत (सेकंदाला ५ अब्ज बिट, जेन २ चा वेग) बेतात असलेल्या ट्रेसला भागतं. पण हे फक्त बिटच्या मागे उरलेली शेपटी कापतं.

८ जीटीला, म्हणजे जेन ३ पासून, ३-टॅप एफएफई (मागचा, आत्ताचा आणि पुढचा अशा तीन बिटांना वजन, म्हणजेच टॅप, लावून बेरीज करणारा फिल्टर), आणि खरी मजा इथे आहे, कारण बिटच्या आधी येणारा त्याचाच ओघळ, म्हणजे प्रीकर्सरपण तो काढतो. पी० ते पी१० असे ११ प्रीसेट (आधीच ठरवून दिलेली सेटिंग). पी७ चे टॅप −०.१, ०.७, −०.२, म्हणजे सलग सारख्या बिटांना उरतात ०.४, आपल्या ८०० चे ३२०! लांब बॅकप्लेनवर (कार्डं एकमेकांना जोडणारा मोठा बोर्ड) हे परवडतं, दोन-तीन इंचाच्या ट्रेसवर मात्र फुकट स्विंग घालवलात, तिथे पी४ (काहीच इक्वलायझेशन नाही) किंवा पी१ पासून सुरुवात करा.

मग रिसीव्हरच करेल की सगळं? तिथलं सीटीएलई (हाय फ्रिक्वेन्सी वाढवणारा अ‍ॅनालॉग फिल्टर) सिग्नलबरोबर क्रॉसटॉकही (शेजारच्या ट्रेसमधून शिरणारा नॉइज) उचलतं. डीएफई (आधीच्या बिटांची शेपटी वजा करणारं सर्किट) नॉइज वाढवत नाही, पण ते आधी ठरवलेल्या बिटांवर चालतं त्यामुळे प्रीकर्सरला हात लावू शकत नाही, आणि एक बिट चुकला तर पुढचेही चुकू शकतात.

माझं मत विचाराल तर प्रीकर्सर ट्रान्समीटरकडे, शेपटीचा मोठा वाटा रिसीव्हरकडे, आणि टॅप हाताने कोरत बसण्यापेक्षा लिंक ट्रेनिंगला (लिंक सुरू होताना दोन्ही टोकं आपसात सेटिंग ठरवतात ती पायरी) ठरवू द्या, तिच्या फेज २ आणि ३ मध्ये प्रत्येक रिसीव्हर समोरच्याकडून हवं ते मागून घेतो. फक्त फर्मवेअरने या फेज स्किप केल्या नाहीत ना ते बघा, नाहीतर सुरुवातीचा प्रीसेटच कायमचा बसतो. आणि स्कोपवर रिसीव्हरच्या पिनपाशी आय बंद दिसली म्हणून लगेच डी-एम्फसिस वाढवू नका, सीटीएलई-डीएफईच्या नंतरची आय बघा.