कारखान्याची अॅम्बेसेडर, इसुझूचे इंजिन

आमच्याकडची 1978 ची मार्क थ्री अॅम्बेसेडर वडिलांनी एका सहकारी साखर कारखान्याच्या लिलावात घेतलेली आहे. मागच्या काचेवर पडद्याची दांडी अजून तशीच आहे आणि गावातली जुनी माणसे तिला आजही ‘चेअरमनची गाडी’च म्हणतात. तिच्या 1489 सीसीच्या इंजिनाचे तिसऱ्यांदा बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कोरणे) झाल्यावर लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये नव्या नळ्या, टाकायचे की इंजिनच बदलायचे, असा प्रश्न उभा राहिला आणि आम्ही इंजिन बदलायचे ठरवले. हे काम साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतील एका गॅरेजने केले. पुढे याच लेखात तक्रारही करायची असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

निवडलेले इंजिन अॅम्बेसेडरला परके नाही. अॅम्बेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच याच बॉडीत जपानच्या इसुझू कंपनीचे 1817 सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून ‘1800 आयएसझेड’ बाजारात आणली होती. जुन्या इंजिनाची ताकद साधारण 50 अश्वशक्ती, याची 75. आम्हाला मिळालेले इंजिन नंतरच्या काळातले, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारे एमपीएफआय होते. गिअरबॉक्ससह त्याचे 65 हजार रुपये पडले. सगळा खर्च एक लाख नव्वद हजारांच्या घरात गेला, आणि सहा आठवड्यांचे काम चार महिने चालले. गॅरेज म्हटले की हे आलेच.

लोखंडाच्या कामाबाबत मात्र या गॅरेजला तोड नाही. मिस्त्रींनी इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसते तो आधार, आधी जाड पुठ्ठ्यात कापले, जागेवर धरून पाहिले, पुन्हा कापले आणि मगच प्लेट कापायला घेतली. क्रँकपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत त्यांनी सुतळी ताणली आणि गिअरबॉक्सच्या बुडाशी चार मिलिमीटरची एक पट्टी सारली. एवढ्याशा पट्टीसाठी अर्धा दिवस का घालवावा, असे मला तेव्हा वाटले होते. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन जुळले नाहीत, तर ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते आणि मग कितीही बॅलन्सिंग केले तरी ती थरथर जात नाही, हे त्यांनी समजावून सांगितल्यावर मी गप्प बसलो. आज गाडी चालू असताना डॅशबोर्डवर ठेवलेला पाण्याचा पेला हिंदकळत नाही.

मूळ गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी होता. नवा दांडा जमिनीतून, नेमका पुढच्या सलग सीटसमोर वर आला. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला तो सीटला घासू नये म्हणून मिस्त्रींनी तो तापवून पुढे वाकवला आणि स्टिअरिंगखालचे भोक रबरी बुचाने बंद केले. वडिलांचा डावा हात अजूनही आधी त्या बुचाकडेच जातो.

ब्रेकच्या बाबतीत मिस्त्रींनी माझे ऐकले नाही, हे बरेच झाले. चारही चाकांना जुने ड्रम ठेवून हे इंजिन बसवणार नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले आणि पुढच्या चाकांना 1800 च्या गाडीचे डिस्क ब्रेक व ब्रेकला जोर देणारा बूस्टर बसवायला लावले.

वायरिंगबाबत मात्र एवढे चांगले लिहिता येत नाही. एमपीएफआय इंजिनाला पंप, सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांचे स्वतंत्र जाळे लागते. ते जोडताना तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती आणि अर्थिंगचा बोल्ट थेट रंगावर कसला होता. परिणामी गाडी सकाळी सुरू होई आणि दुपारी होत नसे. दुसऱ्या फेरीत रंग खरवडून बोल्ट पुन्हा बसवल्यावर हा आजार गेला. पेट्रोलची टाकी आतून साफ न करताच पंप आत सोडल्यामुळे पंधरा दिवसांत फिल्टर गंजाने भरला. हे काम आधीच व्हायला हवे होते आणि त्याचे पैसे मागायला नको होते.

माझी खरी तक्रार कागदांची आहे. ‘इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवले की झाले’, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले आणि मीही त्यावर विसंबलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणी पुस्तकातील तपशील वेगळे ठरतील असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले आहे. येथे तर इंजिन क्रमांक आणि सीसी दोन्ही बदलले. माझा अर्ज आता गेला आहे. मंजुरी मिळेपर्यंत गाडी फक्त आमच्या शेतातल्या, विहिरीकडे उतरणाऱ्या खाजगी रस्त्यावर फिरते. तेथे चार माणसे आणि खताची सहा पोती घेऊन ती दुसऱ्या गिअरवर विनातक्रार चढली. यवतेश्वरचा घाट तिला अजून दाखवता आलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी, म्हणजे जुन्या गाड्यांची खास नोंदणी, मिळवायची तर गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, तिच्या इंजिनातही मोठा फेरफार झालेला नसावा. आमची गाडी 2028 मध्ये पन्नाशी गाठेल. गॅरेजवाले जुने इंजिन भंगाराच्या भावाने बिलातून वळते करून घ्यायला तयार होते. मी नाही म्हटले. नवे माउंटिंग मिस्त्रींनी चासीला वेल्ड न करता जुन्याच भोकांत बोल्टने कसले आहे, त्यामुळे मधला पत्रा कापला गेला असला तरी मूळ इंजिन परत आपल्या जागी बसू शकते. सध्या ते ऑइल चोपडून, ताडपत्रीखाली गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवले आहे.