दादाचा हिशोब चुकला: एमएमएसई, मोका की घरची वही?

किडनी बदलून चार वर्षं झाली आणि दादा आडतीवरच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदात अडकला. सोयाबीनच्या रकमेतून हमाली-तोलाई तोंडी वजा करणारा माणूस, कागद दोनदा उलटापालटा करून म्हणाला, "तूच बघ रे."

मग आठवण आणि विचारशक्ती तपासायला चाचणी कोणती?

एमएमएसई १९७५ची, ३० गुणांची, दहा मिनिटांत उरकणारी. वार, तारीख, गाव, तीन शब्द. दादाला २८ पडले, घरात सगळे खूश. पण प्रत्यारोपणाच्या रुग्णांत बऱ्याचदा लक्ष, कामाचा वेग आणि आखणी ढिली पडते, आणि ते पकडायला ही चाचणी कमजोर आहे.

मोका २००५ची. गुण तेवढेच, २६च्या खाली शंका. आकडे-अक्षरं आलटून पालटून जोडा, घन काढा, अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढा. इथं दादाला २२. मात्र टॅक्रोलिमसनं, म्हणजे नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीनं, हात थरथरतो, त्यामुळे घन वाकडा आला तो डोक्यामुळे की हातामुळे? शिवाय शाळा सातवीपर्यंत. कमी शिकलेल्यांना मोका एक गुण वाढवून देते. तेवढ्यानं सातवी पास आणि पदवीधरातलं अंतर भरत नाही, असं माझं मत. अक्षरओळखच नसेल तर मोका नकोच. निरक्षरांसाठी बेतलेली हिंदी एचएमएसई बरी, तीही आपल्या बोलीत विचारून.

तिसरी, घरची वही. वहिनी दर रविवारी लिहिते: गोळ्यांच्या डबीत कोणता कप्पा भरलेला राहिला, एकच प्रश्न किती वेळा विचारला, पट्टी जमली का. हिला गुण नाहीत, पण घसरण इथंच आधी दिसते.

मी मोका आणि वही निवडली. एका आकड्यावर भिस्त नको. वर्षभरानं मोकाचाच दुसरा नमुना घेऊन आधीच्या गुणांशी ताडायचं. एमएमएसई फक्त मोका मिळत नसेल तर. आणि दोन-चार दिवसांत एकदम बरळणं, झापड, ताप किंवा फिट आली तर चाचणीच्या नादी लागू नका, थेट दवाखाना गाठा.

स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसण्याआधी टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल, साखर, मॅग्नेशियम, बी-१२, थायरॉइड, झोप आणि उदासी बघून घ्यायला डॉक्टरांना सांगा. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यावं लागतं. म्हणून लातूरहून रात्रीच्या एसटीनं संभाजीनगरला निघालोय, गोळी दादाच्या खिशात. वहीसोबत ती पट्टीही घेतलीय.