चिपरचा झिजलेला शाफ्ट: भराई, बुश, लहान माप की नवा शाफ्ट?

बेअरिंग गेले की बेअरिंग बदलायचे, हा आपल्याकडचा सरळ शिरस्ता आहे. पण काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या छाटणीवर आणि उपटलेल्या पऱ्हाटीवर चालणाऱ्या, किंवा नागपूरच्या लकडगंजातील लाकडाचे तुकडे भरडणाऱ्या चिपरमध्ये (फांद्या-लाकडाचा बारीक चुरा करणाऱ्या यंत्रात) एकाच बाजूचे बेअरिंग वारंवार जात असेल, तर दोष बहुधा बेअरिंगचा नसून त्याच्या बैठकीचा, म्हणजे शाफ्टवर ते जिथे बसते त्या भागाचा असतो. पऱ्हाटीच्या मुळांना चिकटलेली काळी माती सीलमधून आत शिरते, बेअरिंग जड फिरू लागते, आतली रिंग शाफ्टवर घसरते आणि शाफ्ट खाऊ लागते. अशा शाफ्टवर नवे बेअरिंग चढवणे हा सर्वांत स्वस्त दिसणारा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे.

म्हणून निर्णयाआधी मायक्रोमीटरने मोजावे, आणि तेही बैठकीच्या दोन्ही टोकांना व मध्ये, प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी. 50 मिमी शाफ्टवर दाबून बसणाऱ्या बेअरिंगसाठी के6 बसणीत (घट्ट बसण्यासाठी ठरवलेल्या मापमर्यादेत) माप 50.002 ते 50.018 मिमी असावे लागते, तिथे 49.90 भरत असेल, तर ते बेअरिंग टिकण्याची आशा धरू नये. शाफ्टवर पंचाचे ठिपके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग घट्ट करण्याची जी पद्धत आहे, ती चिपरला मुळीच लावू नये, कारण लाकडाच्या धक्क्यांनी ते उंचवटे लवकरच चेपले जातात.

वेल्डिंगने भराई करून (झिजलेल्या जागी धातू चढवून) लेथवर माप काढणे हा सर्वाधिक वापरला जाणारा उपाय आहे. मूळ माप परत मिळते, जुनेच हाऊसिंग चालते आणि काम लवकर होते. मात्र शाफ्ट ईएन8 (मध्यम कार्बनचे) किंवा ईएन19 (त्याहून मजबूत मिश्र) पोलादाचा असेल, तर आधी तापवणे, कोरडा 7018 (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड वापरणे आणि नंतर सावकाश थंड होऊ देणे अनिवार्य आहे. थंड शाफ्टवर घाईने भराई केली की वेल्डच्या कडेला कठीण, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. शिवाय उष्णतेने शाफ्ट वाकतो, त्यामुळे भराईनंतर डायल गेज लावून तो सरळ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. झीज शाफ्टच्या मोकळ्या टोकाकडील बैठकीवर असेल, तर काळजीपूर्वक केलेली भराई मला मान्य आहे. पुली किंवा पाती बसवलेल्या डिस्कच्या लगतच्या पायरीवर (शाफ्टचा व्यास बदलतो तिथे), जिथे वाक आणि पीळ दोन्हींचा ताण एकवटतो, तिथे ती मी सुचवणार नाही.

बुश (शाफ्टवर चढवायची धातूची नळी) बसवणे आणि लहान बेअरिंग घेऊन शाफ्ट लहान मापाला उतरवणे हे दोन पर्याय वेगळे वाटतात, पण ताकदीच्या हिशेबात ते जवळजवळ एकच आहेत. 50 मिमीच्या शाफ्टवर अडीच मिमी जाडीची बुश घालायची तर शाफ्ट आधी 45 मिमीला उतरवावा लागतो, आणि पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असल्यामुळे ती सुमारे 27 टक्क्यांनी घटते. लहान मापात आणखी एक अडचण आहे: यूसीपी210 (हाऊसिंगसह येणारे, बोल्टने बसवायचे 50 मिमीचे बेअरिंग) ऐवजी 45 मिमीचे यूसीपी209 घेतल्यास मध्याची उंची 57.2 वरून 54 मिमी होते आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर 159 वरून 146 मिमी होते. म्हणजे नवी भोके पाडावी लागतात, आणि खाली 3.2 मिमीचे पॅकिंग दिले नाही तर पाती आणि स्थिर पात्याची जुळणी बिघडते.

चावीचा गाळा (पुली किंवा डिस्क अडकवणाऱ्या चावीची शाफ्टवरची खाच) सैल झाला असेल, डिस्कची बैठकही झिजली असेल किंवा पायरीशी केसासारखा तडा दिसत असेल, तर नवा शाफ्टच करावा. खर्च जास्त असला तरी हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतील चांगल्या मशीन शॉपला हे काम नवे नाही. ईएन8 पुरेसा असतो, पण जाड फांद्या घालणाऱ्यांनी ईएन19 घ्यावा आणि पायरीच्या मुळाशी धारदार कोपरा न ठेवता गोलाई मागावी. टर्नरला झिजलेला नमुना देऊन ‘असाच करा’ म्हणू नये. बैठकीचे माप बेअरिंगच्या क्रमांकावरून द्यावे. 210 मधील शेवटच्या 10 ला 5 ने गुणले की 50 मिमी मिळतात.

बेअरिंगच्या बाबतीत हलक्या, अधूनमधून चालणाऱ्या यंत्राला ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) शाफ्टवर आवळायचे यूसीपी चालते. दिवसभर चालणाऱ्या यंत्राला मात्र ॲडॅप्टर स्लीव्हवरचे (शाफ्टभोवती आवळल्या जाणाऱ्या उतरत्या नळीवरचे) दोन ओळींचे स्फेरिकल रोलर बेअरिंग अधिक योग्य आहे: ते धक्के सोसते, शाफ्टचा थोडा तिरकेपणा चालवून घेते आणि स्लीव्ह सभोवती आवळली जात असल्यामुळे शाफ्टच्या मापातील किंचित फरकही निभावतो. हाऊसिंगमधील मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच ग्रीस भरावे. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर 45 अंश असताना, ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन बेअरिंग आणखी तापते.

कोणताही मार्ग निवडला तरी डिस्कसह बॅलन्सिंग करून घ्यावे, पात्यांमधील अंतर पुन्हा लावावे, आणि पुढे यंत्रावर वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ जोडावा, म्हणजे वीजप्रवाह नव्या बेअरिंगमधून जाणार नाही.