बिनटाकीचा एअरब्रश कॉम्प्रेसर: नऊ महिन्यांनंतर

एअरब्रशला, म्हणजे रंग फवारायच्या छोट्या गनला, हवा देणारा हा पंप एप्रिलमध्ये घेतला तेव्हा याला चार तारे दिले होते. ऑगस्टमध्ये चिडून एकावर आणले. आज साडेतीन देतेय. हा सगळा चढउतार एकाच गोष्टीपायी झाला, ती म्हणजे पाणी.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती सोडते. टाकीवालं मॉडेल अडीच हजारांनी महाग होतं. वर्षाला विमानांच्या दोन-तीन छोट्या प्रतिकृती रंगवणार, टाकी कशाला हवी, असा हिशेब करून बिनटाकीचा घेतला. उन्हाळ्यात तक्रारीला जागाच नव्हती. आवाज मिक्सरपेक्षा कमी. बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले असतानाही चालवायचे. ०.३ मिमी तोंडाच्या गनला १५ पीएसआय दाब आरामात मिळतो. मे महिन्यात काळा ग्लॉस बेस, म्हणजे चंदेरीखालचा चकचकीत हात, इतका गुळगुळीत बसला की त्यात खिडकीचे गज दिसत होते.

करत होते १/७२ मापाचं मिग-२१ एफएल लढाऊ विमान, बांगलादेश युद्धाआधीच्या चंदेरी रूपातलं. बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात लागले तेव्हा तिथे एफएलच बनत होतं. १९६३ पासून हवाई दलात असलेलं मिग-२१ आता २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त होणार, हे जुलैत कळलं. त्याच दिवशी हे विमान बाबांच्या हातात द्यायचं, असं मनाशी ठरवलं.

चंदेरी रंग काहीही पोटात घालत नाही. कॅमोफ्लाजमध्ये एखादा डाग खपून जातो. इथे काळ्या बेसवर अॅल्युमिनियमचे अगदी पातळ हात मारायचे असतात आणि धुळीचा कणसुद्धा उठून दिसतो. जुलैअखेर, बाहेर संततधार. डावा पंख मारत होते. गन एकदा फसफसली आणि मोहरीएवढा थेंब पंखाच्या मुळाशी पडला. ओला रंग त्याच्याभोवती सरकला, मधोमध काळं भोक राहिलं. टिपायला गेले तर अर्धा पंख खरवडला. दोन्ही पंख मिळून जेमतेम दहा सेंटिमीटरचं विमान, त्यावर एवढं भोक म्हणजे सगळंच गेलं. दोन हजार ग्रिटच्या बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा बेस, पुन्हा चंदेरी, आणि चौथ्या दिवशी पुन्हा थेंब, या वेळी नाकावर.

कॉम्प्रेसरवर मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी डबी, होता की! त्यात पाणीही साचत होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. “मॅडम, पावसाळ्यात असं होतंच,” हे पहिलं उत्तर. अकरा दिवसांनी आणि सहा फोननंतर दुसरा ट्रॅप आला, तस्साच. तोही गळायला लागला तेव्हा एकच तारा ठेवला, आणि तेव्हा तो योग्यच होता.

मत बदललं ते नाशिकच्या अंबडला. कारखान्यांचे मोठे कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे घेऊन गेले. त्यांनी दहा मिनिटं चालवून ट्रॅपच्या मानेवर माझा हात ठेवला. चांगलीच गरम. “ताई, गरम हवेतलं पाणी पकडता येत नाही. आधी तिला गार होऊ द्या.” दाबलेली हवा तापते, पाणी वाफ होऊन ट्रॅपमधून तसंच पुढे जातं आणि नळीत गार झाल्यावर थेंब धरतं. टाकी असली की हवा तिथे थोडी निवते, बरंचसं पाणी तळाशी बसतं. म्हणजे ट्रॅप वाईट नव्हता, त्याची जागा चुकीची होती. कंपनीने तो थेट पंपाच्या डोक्यावर बसवलाय, आणि याचा राग मला अजून आहे. मॅन्युअलमध्ये एक ओळ छापली असती तरी माझे दोन महिने वाचले असते.

उपाय स्वस्तात झाला. तीन मीटर नळी जास्तीची घेतली, तिची वेटोळी फरशीवर सोडली आणि दुसरा ट्रॅप गनपाशी लावला. दर वीस मिनिटांनी पंप बंद करून गार होऊ देते. त्यानंतर सप्टेंबरच्या पावसातही एक थेंब आला नाही. पंपाला माझी आता तक्रार नाही. ऑटोस्टॉप, म्हणजे पंप आपोआप बंद करणारा स्विच, नोव्हेंबरात एकदा अडकला, तो वॉरंटीत मुकाट्याने बदलून मिळाला.

२६ तारीख मात्र हुकली. विमान दिवाळीत पूर्ण झालं. बाबांनी चष्मा वर करून आधी पोटाखाली पाहिलं, चाकांच्या तबकड्या हिरव्या आहेत का ते. आहेत. मग डाव्या पंखाच्या मुळाशी नख फिरवत म्हणाले, “इथे दोनदा काम झालंय.” अजून दिसतं तिथे.

दमट गावात राहत असाल आणि धातूचे रंग मारणार असाल तर टाकीवालाच घ्या. नळी, ट्रॅप, वाया गेलेला रंग धरून माझे वाचवलेल्या अडीच हजारांतले सतराशे गेलेच. हाच आधी घेतला असेल तर नळी वाढवा. जोड बहुतेक १/८ इंची आट्यांचे असतात, टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा. माझा पहिला जोड गळत होता.