पहिला ऑसिलोस्कोप: जुना सीआरओ, यूएसबीचा डबा की नवा डीएसओ?

इंदूरमध्ये कुणी पहिला स्कोप, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर रेषेने दाखवणारा ऑसिलोस्कोप, घ्यायचा म्हटलं की "जुना सीआरओ बघ" हा सल्ला हमखास मिळतो. सीआरओ म्हणजे पिक्चर ट्यूबचा जुन्या पद्धतीचा स्कोप. त्याला कारणही आहे. परदेशीपुऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समधली सायंटेक ही आपल्याच गावची कंपनी, आणि तिने वर्षानुवर्षं सीआरओ बनवले. कॉलेजच्या लॅबमध्ये हात बसलेला असतो, म्हणून तेच यंत्र घरी हवंसं वाटतं.

ऑडिओ अँप्लिफायर, रेडिओ, पॉवर सप्लाय एवढंच करायचं असेल तर हा सल्ला चांगला आहे. 20-30 मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा (एका वेळी दोन सिग्नल दाखवणारा) सीआरओ आवाज वाढवताना साइन वेव्हचा माथा कुठे सपाट होतो ते त्याच क्षणी दाखवतो. घेताना तो दुकानातच वीस मिनिटं चालू ठेवा. रेषा बारीक राहते का, व्होल्ट्स-पर-डिव्हिजनच्या नॉबच्या प्रत्येक खटक्यावर सिग्नल नीट येतो का, हे पाहा. पिक्चर ट्यूब दमली असेल तर तो सोडून द्या, कारण दुसरी ट्यूब मिळणं फार कठीण.

अर्डुइनोवाल्यांची, म्हणजे छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची, गरज मात्र वेगळी. साधं पुश बटण घ्या. दाबल्यावर त्याचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि प्रोग्राम एकाच दाबाचे तीन-चार दाब मोजतो. साध्या सीआरओवर ही थरथर डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाते. डीएसओवर, म्हणजे सिग्नल साठवून ठेवणाऱ्या डिजिटल स्कोपवर, ट्रिगर (चित्र कुठल्या व्होल्टेजला पकडायचं ती खूण) 2.5 व्होल्टवर ठेवा, उतरती कड (व्होल्टेज खाली येतानाचा क्षण) निवडा, 'सिंगल' दाबा आणि मग बटण दाबा. चित्र पडद्यावर थांबतं. ते ताणून एकेक उडी मोजता येते आणि डिबाउन्सला (थरथर संपेपर्यंत थांबण्याला) किती वेळ द्यायचा ते कळतं. मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्याने डीएसओच घ्यावा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

सगळ्यात स्वस्त म्हणजे डीएसओ138 चं किट. सोल्डरिंगच्या सरावाला उत्तम. पण चॅनेल एकच, बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) 200 किलोहर्ट्झ आणि सेकंदाला फक्त दहा लाख नमुने. चिपांमधल्या संवादाचा 400 किलोहर्ट्झचा आय-टू-सी सिग्नल त्याच्या आवाक्याबाहेर.

लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी स्कोपमध्ये हँटेक 6022बीई नेहमी पुढे येतो: दोन चॅनेल, 20 मेगाहर्ट्झ, सेकंदाला 4.8 कोटी नमुने, आणि ओपनहँटेक हे मोफत सॉफ्टवेअर. शिकायला पुरतो. मला खटकते ती एसी कपलिंगची (स्थिर व्होल्टेज वगळून फक्त चढउतार दाखवण्याच्या सोयीची) उणीव. 12 व्होल्टच्या सप्लायवरचा 50 मिलिव्होल्टचा रिपल (बारीक चढउतार) मोठा करून पाहायचा तर तो कामाचा नाही. शिवाय त्याची ग्राउंड लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेली असते. प्रोबची (सिग्नल स्कोपपर्यंत नेणाऱ्या तारेची) ग्राउंड क्लिप चुकीच्या ठिकाणी लागली तर लॅपटॉप जाऊ शकतो.

बजेट ताणता येत असेल तर खरी निवड टेबलावरच्या डीएसओंमध्ये आहे. सिग्लेंट एसडीएस1202एक्स-ई दोन चॅनेलचा, 200 मेगाहर्ट्झचा. रिगोल डीएचओ804 चार चॅनेलचा, 70 मेगाहर्ट्झचा, पण 12 बिटचा. म्हणजे पडद्याच्या उंचीचे 256 ऐवजी 4096 भाग, त्यामुळे बारीक सिग्नल खूप स्वच्छ दिसतो. मी रिगोल घेईन. एसपीआयच्या (चिपांमधल्या संवादाच्या आणखी एका पद्धतीच्या) चारही तारा एकाच वेळी दिसणं नवशिक्याला 200 मेगाहर्ट्झपेक्षा जास्त शिकवतं. 16 मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो ऊनो बोर्डासाठी 70 ची बँडविड्थ भरपूर झाली. आरएफकडे (उच्च वारंवारतेच्या रेडिओ सर्किटांकडे) ओढा असेल तर मात्र सिग्लेंट.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तीन पिनांच्या प्लगच्या स्कोपमध्ये प्रोबची काळी क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. मोबाइल चार्जर किंवा एलईडी ड्रायव्हरच्या मेन्सकडच्या भागाला ती लावली तर थेट शॉर्ट होतो. त्यावर उपाय म्हणून काही जण स्कोपची अर्थची पिन कापतात. मग स्कोपच्या धातूच्या भागांवरच मेन्सचा दाब येतो आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. अशा सर्किटसाठी डिफरेन्शियल प्रोब (अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) लागतो. तो मिळेपर्यंत बॅटरीवरची सर्किटं करा.

स्कोप कोणताही आणा, प्रोबचा स्विच 10एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून घेणाऱ्या जागी) ठेवा. 1एक्सवर बहुतेक प्रोब 6 मेगाहर्ट्झच्या आसपासच थकतात. मग स्कोपच्याच 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी सिग्नलला प्रोब लावून त्यावरचा बारीक स्क्रू कोपरे सरळ होईपर्यंत फिरवा. त्याआधीच्या कुठल्याही मापावर भरवसा ठेवू नका.